तीन तोळ्यांचा बाण

साठ वर्षांनंतर 'ग्रेन' हा शब्द आमच्या कानांवर पडला, तो इंदूरच्या सराफ्यात नव्हे, तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, आमच्या पुतण्याच्या तळघरात. २०१९ सालच्या जुलै महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. एके दिवशी दुपारी जेवण आटोपून आम्ही सहज तळघरात उतरलो, तो समोर टेबलावर डझनभर बाण ओळीने मांडलेले, शेजारी तळहाताएवढा विजेवर चालणारा काटा, आणि पुतण्या एकेक बाण त्यावर आडवा ठेवून वहीत आकडे टिपतो आहे. तीनशे अडतीस, तीनशे बेचाळीस, तीनशे चाळीस.

"हे कसले आकडे रे?"

"ग्रेन, काका. बाणाचं वजन ग्रेनमध्ये करतात."

आम्ही खुर्ची ओढून बसलो. ज्यांच्या घराण्यात सराफी चालत आली आहे, त्यांना आम्ही का बसलो हे सांगावयास नको. इतरांसाठी थोडे सांगतो. आमच्या वडिलांची सराफ्यात लहानशी पेढी होती. काचेच्या पेटीतला काटा, त्याची केसासारखी सुई, पितळी वजने आणि डबीभर गुंजा यांच्या संगतीत आमचे बालपण गेले. वडील तोलायला बसले की आम्ही श्वास रोखून उभे राहत असू. कारण पोरांच्या उच्छ्वासानेसुद्धा पारडे हलते, अशी त्यांची तक्रार असे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरविण्यात आले. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला जाई, आणि पेढीवर वजन हरवले तर वडील खुशाल रुपया पारड्यात टाकीत. पुढे १९५६चा कायदा झाला, ग्रॅम आले, ग्रेन गेले. आमच्या हिशेबी तो शब्द मेलेलाच होता. तो असा परमुलखात, बाणाच्या पाठीवर बसून भेटेल, हे स्वप्नातही आले नव्हते.

तीनशे चाळीस ग्रेन म्हणजे दोन तोळ्यांना अकरा गुंजा कमी. आम्ही मनाशी म्हटले, हरणासारख्या जनावराला मारायला एवढेसे वजन? पण बोललो नाही. दुसऱ्याच्या पेढीवर बसून दुसऱ्याच्या मालाची किंमत करू नये, ही घरची शिकवण.

पुतण्या शिकार करतो, ही गोष्ट आमच्या घरात तशी अर्धवटच स्वीकारली गेली होती. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे. होळकर-पवारांच्या शिकारीच्या कथा आमच्या पिढीने आजोबांकडून ऐकल्या, आणि त्या तिथेच संपल्या. विस्कॉन्सिनमध्ये मात्र शिकार हा गुन्हा नसून हंगाम आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत धनुष्यबाणाने हरणे मारता येतात. परवाना लागतो, आणि कोणते जनावर कोठे मारावे याचे नियम असतात. लांडगे हटल्यावर आणि मक्याची शेते वाढल्यावर पांढऱ्या शेपटीची हरणे तिथे इतकी माजली आहेत की रात्री मोटार हाकणाऱ्याला मनुष्यापेक्षा त्यांचेच भय अधिक. हे सर्व पुतण्याने आम्हाला समजावून सांगितले होते. आमच्या सौ.नी ते शांतपणे ऐकून घेतले आणि स्वयंपाकघरातील दोन पातेली व एक उलथने वेगळे काढून त्यावर आपला हक्क सांगितला. या तहावर आमचे सहा महिने सुखाने गेले.

बाणांची खरी हकीगत मात्र आम्हाला सूनबाईंकडून कळली. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०१८च्या नोव्हेंबरात पुतण्याने एका हरणावर बाण सोडला. बाण लागला, पण खांद्याच्या हाडाशी अडला. चार बोटेसुद्धा आत गेला नाही. हरीण बाणासकट पळाले. अंधार पडेपर्यंत त्याने रक्ताचे थेंब शोधले, मग कंदील घेऊन शोधले, दुसऱ्या दिवशी रजा टाकून ओढ्याच्या दोन्ही काठांनी शोधले. बाणाचा मोडलेला तुकडा सापडला. हरीण सापडले नाही. त्या आठवड्यात तो जेवला नाही म्हटले तरी चालेल. धनुष्याची दोरी उतरवून त्याने ते खोळीत घातले, ते आठ महिने बाहेर काढले नव्हते. "आता वजनं करत बसलेत," सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे परत जायचं की नाही ते ठरवत असतील. मला काही सांगत नाहीत. तुम्ही विचारा ना, काका."

आम्ही विचारले नाही. रोज दुपारी तळघरात जाऊन बसू लागलो, एवढेच.

त्याचे धनुष्य ज्याला तिकडे रिकर्व्ह म्हणतात त्या जातीचे. त्याची टोके पुढच्या बाजूस वळलेली असतात, आणि अठ्ठावीस इंच ओढल्यावर त्याचा ताण ४५ पौंड भरतो. हल्लीच्या चाकांच्या यांत्रिक धनुष्यांत ओढून धरल्यावर ताण हलका होतो; इथे तशी सवलत नाही. ओढले तेवढे सारे ओझे तीन बोटांवर. नेम धरायला दुर्बीण नाही की खूण नाही. डोळा, बाणाचे टोक आणि सराव. असल्या धनुष्यासाठी जुने जाणकार सांगतात, की ताणाच्या दर पौंडामागे बाणाचे वजन आठ ते दहा ग्रेन असावे. म्हणजे ४५ पौंडांना ३६० ते ४५० ग्रेन. फारच हलका बाण घातला तर धनुष्याचा सारा जोर बाणात न जाता त्याच्याच हातापायांत परततो आणि धनुष्य फुटण्याचीही भीती असते. पुतण्याचा बाण साडेसात ग्रेनांच्या हिशेबाचा होता. दुकानदाराने त्याला सांगितले होते की हलका बाण वेगाने जातो, वेगाने गेला की सरळ जातो, आणि सरळ गेला की काम झाले. या तिन्ही गोष्टी खोट्या नाहीत. सराफ्यातही हलका दागिना विकणारा कधी खोटे बोलत नाही. तो फक्त वजनाविषयी बोलत नाही.

वेग मोजण्याचे एक यंत्र पुतण्याकडे होते. अंगणात त्याने ३४० ग्रेनांचा बाण सोडला, तो सेकंदाला १८८ फूट गेला. मग आमच्या आग्रहावरून नळीत वजन भरून तोच बाण ५४० ग्रेनांचा केला. तो १५८ फुटांवर उतरला. पुतण्याचा चेहरा पडला. आम्ही कागद मागितला. हिशेब करता असे दिसले, की जड बाणात शक्ती सुमारे आठवा हिस्सा अधिक निघाली. कारण जड बाण धनुष्याचा जोर अधिक शोषून घेतो. आणि वजनाला वेगाने गुणून जी रेटा देण्याची ताकद येते, ती तर पुरी एक तृतीयांश वाढली. हे गणित ज्याने ऐरणीवर काम केले आहे त्याला कागदाशिवाय कळते. हलकी हातोडी कितीही झपाट्याने मारा, पत्रा वाजतो. जड हातोडी सावकाश पडली तरी पत्रा वाकतो. आणखी एक गोष्ट आमच्या कानांनी टिपली. हलका बाण सुटताना धनुष्य खणकन वाजे; जड बाणाला नुसता हुंकार. हरीण आवाजाने दचकून खाली बसते आणि बाण वरून जातो, असे पुतण्याच म्हणाला होता. बाणापेक्षा आवाज कित्येक पटींनी वेगवान. तेव्हा जिथे आवाजाला हरविता येत नाही, तिथे तो कमी करणे बरे.

जड बाणाचा दोष असा की तो वाटेत अधिक खाली येतो. पंधरा यार्डांवर दोहोंतला फरक साडेचार इंचांचा, वीस यार्डांवर आठ इंचांचा. म्हणजे अंतर ओळखण्यात चूक झाली तर शिक्षा मोठी. पुतण्याने यावर दोन दिवस विचार केला. मग त्याने घरामागच्या मेपलच्या झाडापासून पावले मोजून पंधरा यार्डांवर एक खुंटी ठोकली आणि म्हणाला, "याच्या पलीकडे नाही." परत जायचे की नाही, याचे उत्तर आम्हाला त्या खुंटीने दिले. सूनबाईंना आम्ही तसे कळविले.

आता आमच्या फजितीकडे येतो. वजन वाढवायचे ते कोठे, हा पुढचा प्रश्न. लहानपणी सुटीत आम्ही मामांकडे झाबुआला जात असू. तिथे बाजाराच्या दिवशी चांदी मोडायला येणारे भिल्ल खांद्याला कामठी अडकवून येत. बांबूचेच धनुष्य आणि बांबूच्याच सालीची दोरी. त्यांच्यातील एका म्हाताऱ्याचे बाण आम्ही हातात घेऊन पाहिले होते. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचा, हलका. मोठ्या जनावरासाठी लोखंडी फाळाचा. हा दुसरा बाण बोटावर तोलला तर बोट मध्यावर ठेवून चालत नसे, बरेच पुढे सरकवावे लागे. म्हातारा हसून म्हणाला होता, की डोके जड असले म्हणजे शेपूट निमूटपणे मागे येते. हे आठवून आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, की वजन सारे तोंडाशी घाल. पुतण्याचा फाळ १०० ग्रेनांचा होता, तिथे २०० ग्रेनांचा घाल. त्याने घातला. चारही बाण निशाणाच्या उजवीकडे हातभर जाऊन गवतात शिरले.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. जन्मभर गाई पाळलेले, पन्नास वर्षे धनुष्य धरलेले. त्यांनीच पुतण्याला या छंदाला लावले होते. ते कुंपणापाशी उभे राहून हे पाहत होते. त्यांनी आत येऊन बाण हातात घेतला, वाकवून पाहिला, आणि जे सांगितले ते असे: दोरीचा धक्का बसला की बाण सरळ जात नाही, तो मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. हा वाक नेमका हवा तेवढाच असावा लागतो. तोंडाशी वजन वाढविले की तीच कांडी अधिक वाकते, जणू ती लवचीक झाली. आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे लवचीक बाण उजवीकडे जातात. म्हणून फाळ जड करायचा तर कांडी ताठ घ्यावी, किंवा आखूड करावी. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. इथे एका गवळ्याने सोनाराचे कान टोचले. आम्ही ते नम्रपणे टोचून घेतले. दुखले नाही असे म्हणवत नाही.

मग ताठ कांड्या आल्या. कांडीचा ताठपणा मोजण्याची रीतही मजेची आहे: अठ्ठावीस इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये १.९४ पौंडांचे वजन टांगतात आणि ती किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात लिहितात. आधीची कांडी पाचशेची होती, म्हणजे अर्धा इंच वाकणारी, नवी चारशेची. पिसे काढून उघडे बाण मारून पाहायचे, कारण पिसे चुका झाकतात. उघडा बाण पिसांच्या बाणाशेजारी जाऊन बसला की जमले. आठवडाभर हेच चालले. अखेर जमले तेव्हा आम्ही वहीत लिहिलेला हिशेब असा: कांडी २४४ ग्रेन, तोंडातील पितळी बूच ७५, फाळ २००, मागची खाच १०, तीन पिसे ९, आणि चिकटवायला लागलेला डिंक २. एकूण ५४०. बरोबर तीन तोळे. आम्ही हे मुद्दाम साधले असा आळ पुतण्या आमच्यावर घेतो. काही अंशी तो खरा आहे. पितळी बूच पन्नासाचे घ्यावे की पंचाहत्तराचे, यावर वाद झाला तेव्हा आमचे मत निःपक्षपाती नव्हते. जुना बाण मध्यापासून चार इंच पुढे तोलत होता, हा सात इंच पुढे तोलला.

फाळाचा विषय उरला. आधीचा फाळ तीन पात्यांचा होता. तो मोठी जखम करतो खरा, पण आत शिरण्यासाठी जोरही तितकाच मागतो, आणि ४५ पौंडांच्या धनुष्यापाशी उधळायला जोर नसतो. नवा फाळ दोन धारांचा, अखंड पोलादी, सव्वा इंचाहून थोडा कमी रुंद. तिथल्या नियमाप्रमाणे तो निदान ७/८ इंच रुंद आणि धारदार असावाच लागतो. धारेविषयी कायदा करणारे सरकार आम्हाला आवडले. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते. बाण धक्क्याने मारीत नाही, तो कापतो. फुप्फुसांतून आरपार गेला तर जनावर काही क्षणांत कोसळते, आणि बोथट असला तर ते दिवसेंदिवस मरते. पुतण्याच्या फडताळात सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाचे १९२३ सालचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक होते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस, ज्याला इशी म्हणत, तो १९११ साली एकटाच रानातून बाहेर आला. पोप त्याचे वैद्यही होते आणि शिष्यही. १९१६ साली तो क्षयाने गेला. हा इशी ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, आणि बाटल्यांच्या काचेचेसुद्धा, फाळ घडवीत असे. काचेची धार पोलादाला सहसा येत नाही. ते वाचून आम्ही ईर्षेस पेटलो. कानस, बारीक दगड, मग चामड्याचा पट्टा, आणि हाताच्या पाठीवरचे केस निघतात का ही परीक्षा. सहा फाळांना आम्ही चार दिवस घेतले. सौ. म्हणाल्या, "तुमच्या डाव्या हाताला कोणी न्हावी लागला होता का?"

एका रविवारी पुतण्याने आम्हाला बाराबूजवळची ऑल्डो लिओपोल्ड यांची झोपडी दाखविली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले हे प्राध्यापक रानाचे मोठे जाणकार. त्यांचा वालुकामय भूमीवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाला. स्वतःची धनुष्ये ते स्वतः तासत, आणि त्यांच्या पत्नी राज्याच्या धनुर्विद्या स्पर्धेत विजेत्या होत्या. परतताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, गेल्या वर्षीचं ते हरीण कदाचित जगलंही असेल. खांद्यात लागलेली जगतात म्हणे." आम्ही म्हटले, "असेल." त्याहून अधिक आम्हाला काही सुचले नाही, सुचायला हवे होते असे अजून वाटते.

ऑक्टोबरच्या अखेरीस तो पुन्हा रानात जाऊ लागला. आम्हीही दोन पहाटे त्याच्यासोबत गेलो. तो झाडावरच्या मचाणावर, आम्ही शंभर पावले मागे, घोंगडीवजा कोट पांघरून एका दगडी बांधाआड. दुसऱ्या पहाटे मोठ्या शिंगांचा नर आला. आमच्या जागेवरून तो स्पष्ट दिसत होता: थांबलेला, आडवा, मान खाली घातलेला. आमचे हृदय घशाशी आले. बाण सुटला नाही. नर निघून गेला. नंतर पुतण्याने पावले मोजली, बावीस यार्ड. "खुंटीपलीकडे होता," एवढेच तो बोलला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो एकटाच गेला असताना बारा यार्डांवर एक मादी आली. मादीचा परवाना त्याच्याजवळ होता. बाण आरपार जाऊन पलीकडे मातीत रुतला. त्यावरचे रक्त फिकट, फेसाळ, म्हणजे फुप्फुसांतले होते. तरी तो अर्धा तास मचाणावरून उतरला नाही. मग त्याने आम्हाला फोन केला आणि आम्ही व शेजारचे गृहस्थ गेलो. साठ पावलांवर ती पडली होती. तिघांपैकी कोणीच काही बोलले नाही. आमचे पाय जड झाले होते. ती इतकी लहान असेल असे वाटले नव्हते. पुतण्याने तिच्या मानेवर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता.

बाकीची कामे त्याने व शेजाऱ्यांनी केली. आम्ही बॅटरी धरली. त्या भागातील हरणांत २००२ सालापासून मेंदूचा एक रोग सापडला आहे, म्हणून तपासणीसाठी डोके पाठवायचे आणि निकाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवायचे, असा त्यांचा क्रम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंद करणे सक्तीचे. ती त्याने रात्रीच केली. सूनबाईंनी त्याला पोटभर जेवू घातले. आम्ही आमच्या वेगळ्या पातेल्यातला वरणभात खाल्ला, आणि आम्हालाही तो गोड लागला, हे खरे तेच सांगतो.

झोपण्यापूर्वी आम्ही तळघरात गेलो. तो बाण धुऊन, पुसून टेबलावर ठेवला होता. फाळाच्या एका धारेला नखाएवढा खवला पडला होता. जुन्या खोडीने आम्ही काटा सुरू केला, शून्यावर येऊ दिला, आणि बाण आडवा ठेवून श्वास रोखला. पाचशे अडतीस. निरखून पाहिले, तो एका पिसाचा मागचा अर्धा भाग कापून गेलेला. दोन ग्रेन कमी. म्हणजे गुंजभर पीस मागे रानात राहिले होते.